विश्वरूपाची घडी

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाविषयी आपल्याकडे एक सोयीचे निरूपण रूढ झाले आहे. अर्जुनाने विश्वरूप पाहण्याचा हट्ट धरला, देवाने ते दाखविले, अर्जुन घाबरला, देवाने पुन्हा सौम्य रूप घेतले, आणि म्हणून आपले सगुणच बरे. एवढे सांगून टाळ वाजतात आणि अध्याय संपतो. वाचकहो, हे निरूपण खोटे नाही, पण ते अर्धे आहे. अर्जुनाने परतीची विनवणी केल्यानंतर देव त्याला काय म्हणाले, ते आपण घाईने ओलांडतो. माउलींनी मूळ श्लोकापेक्षा पुष्कळ पुढे जाऊन स्वतःचे असे काही जिथे सांगितले, ती जागा नेमकी हीच. आज त्या थोड्या ओव्यांचाच विचार आपण करणार आहोत, कारण आपल्या घरात आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते.

तो प्रश्न आपल्या शिकत्या मुलांनी आणला आहे. शाळेच्या पुस्तकात मूल वाचते, की विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. आपला सूर्य ज्या आकाशगंगेत आहे, तिच्यात किमान १० हजार कोटी तारे आहेत, आणि अशा दीर्घिका अब्जावधी आहेत. हे वाचून ते आजोबांच्या गळ्यातल्या माळेकडे बघते आणि विचारते, “एवढ्या पसाऱ्यात आपण कोण? आपल्या एका एकादशीची तिथे कोण नोंद घेणार?” ते उद्धटपणे विचारत नाही. ते खरोखर भ्यालेले असते.

आपण त्याला बहुधा दोनांपैकी एक उत्तर देतो. एक म्हणजे, “असल्या नादी लागू नको, नाम घे.” दुसरे म्हणजे, “यात नवे काय? आमच्या संतांना हे सगळे आधीच ठाऊक होते.” पहिल्या उत्तराने मूल गप्प बसते, पण त्याची भीती तशीच राहते. दुसऱ्या उत्तराने आपला मान राहतो, पण ते खरे नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला जे सांगितले गेले, तो खगोलशास्त्राचा ग्रंथ नव्हता. रोमारोमांत ब्रह्मांडे पाहणारी दृष्टी वेगळी आणि दीर्घिकांची अंतरे मोजणारे गणित वेगळे. माउलींच्या ओव्यांवर विज्ञानाचे शिक्के मारून त्यांची थोरवी वाढत नाही. मुलाला पुढे पुस्तकात खरे कळते, तेव्हा मात्र त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

म्हणून आधी ही भीती आपण तिच्या पूर्ण मापाने समजून घेऊ. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटांच्या आसपास लागतात. कार्तिक वद्यात आळंदीच्या वाटेवर, शहराचे दिवे मागे पडल्यावर, संध्याकाळी डोक्यावर पाहा. भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाजवळ एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा जो प्रकाश त्या रात्री आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तिथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. तेव्हा आळंदी नव्हती, इंद्रायणीकाठी घाट नव्हता, कोणाच्या मुखात नाम नव्हते.

आणि हे काही परदेशातच शोधले जाते असे नाही. ज्या जुन्नर तालुक्यात आळे गावी, माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे आणि आपण तिथे माथा टेकतो, त्याच तालुक्यात खोडदच्या माळावर प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतामळ्यांमधून आकाशाकडे तोंड करून आहेत. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश त्यांनी टिपला, आणि २०२३ मध्ये ते जगाला कळले. एका बाजूला रेड्याची समाधी, दुसऱ्या बाजूला ही दुर्बीण. आपल्या मुलाचा प्रश्न या दोहोंच्या मधल्या रस्त्यावरच उभा आहे.

या भीतीला आपल्या काळातल्या एका मोठ्या माणसाने उत्तर देऊन पाहिले आहे. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये पृथ्वीवरून निघाले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी ते सुमारे ६०० कोटी किलोमीटर दूर असताना त्याने मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. ही कल्पना अमेरिकेतले शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची. त्या चित्रात पृथ्वी एका पुसट प्रकाशपट्ट्यात अडकलेल्या धुळीच्या कणासारखी दिसते, पूर्ण ठिपकाही भरत नाही. सेगन यांनी १९९४ मध्ये ‘पेल ब्लू डॉट’ या पुस्तकात त्या ठिपक्यावर चिंतन केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्यांच्यावर तुम्ही प्रेम केले आणि ज्यांच्याविषयी ऐकले, ती सगळी माणसे या कणावरच जगली. राजे आणि सेनापती याच कणाच्या एका कोपऱ्यासाठी रक्त सांडत राहिले. तेव्हा अहंकार सोडा, एकमेकांशी दयेने वागा आणि हे एकच घर सांभाळा.

सज्जनहो, हे सांगणारा माणूस देव मानणारा नव्हता, तरी त्याचे सांगणे आपल्या कानाला परके वाटत नाही. अहंकाराच्या आजारावर हे औषध खरे आहे. ज्याला सत्तेचा, जातीचा किंवा पैशाचा ताठा चढला आहे, त्याने ते चित्र भिंतीवर लावावे.

पण माझी शंका इथून पुढे आहे. सगळी माणसे ताठ्यानेच आजारी नसतात. आपल्या दिंडीत चालणाऱ्यांकडे पाहा. कुणाचे पीक दोन वर्षे हाती आलेले नाही, कुणाचा कर्ता मुलगा गेला आहे, कुणी सून-लेकांच्या घरात नको झालेली आहे. ही माणसे आधीच स्वतःला धुळीएवढी मानून बसली आहेत. त्यांना “तू एक कण आहेस” हे सांगणे म्हणजे पडलेल्याला पुन्हा पाडणे होय. ज्याचा अभिमान मोडायचा आहे आणि ज्याचा जीवच मोडला आहे, त्या दोघांना एकच वाक्य कसे पुरेल? सेगन यांचेही त्या वाक्याने भागले नाही. “हा नुसता कण आहे” येथून “हा कण सांभाळा” येथवर जाण्यासाठी त्यांना ‘ज्यांच्यावर तुम्ही प्रेम केले ती माणसे’ मध्ये आणावीच लागली. म्हणजे मोजमापाने लहान ठरलेली वस्तू मोलाची ठरली ती प्रेमामुळे. एवढे त्यांनी जाणले. पण ज्या विराटाने आपल्याला लहान केले, त्या विराटाशी आपले नाते काय, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात तसाच उरतो. त्यासाठी अकराव्या अध्यायाकडे यावे लागते.

गीतेच्या या अध्यायाचे ५५ श्लोक, आणि त्यांवर माउलींच्या ७०० हून अधिक ओव्या. अध्यायाच्या आरंभीच माउली श्रोत्यांना सांगतात, की येथे शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आला आहे. हे सजावटीचे वाक्य समजून पुढे जाऊ नये, सगळ्या अध्यायाची किल्ली त्यात आहे. अद्भुत पाहुणा आहे, घर शांताचे आहे. पाहुणा कितीही मोठा असला, त्याने घर दणाणून सोडले, तरी तो यजमान होत नाही. पुढे येणारे सगळे भय वाचताना हे घर विसरू नका, असे माउलींनी उंबरठ्यावरच सांगून ठेवले.

मग अर्जुनाला दिव्यदृष्टी मिळते आणि तो पाहतो. तो कशाला भ्याला, हे नीट पाहण्यासारखे आहे. निरूपणकार बहुधा सांगतात, की रूपाचा आकार पाहून तो भ्याला. आरंभी आकाराने तो चकित होतो, पण चकित होणे म्हणजे भिणे नव्हे. त्याचा थरकाप उडतो तो मुखे दिसल्यावर. भीष्म, द्रोण, कर्ण, आपले आणि परके सगळे त्या मुखांत वेगाने शिरत आहेत आणि कुणी परतत नाही. “आपण कोण?” असे तो विचारतो तेव्हा उत्तर येते, मी काळ. अर्जुनाचे भय हे काळाचे भय आहे.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात पास्कल नावाचा मोठा गणिती आणि श्रद्धावान माणूस होऊन गेला. अनंत अवकाशाच्या मौनाची भीती त्याने लिहून ठेवली. त्याचे विश्व गप्प होते म्हणून तो भ्याला, अर्जुनाचे विश्व गिळत होते म्हणून तो भ्याला. आजच्या मुलाच्या वाट्याला दोन्ही भये आली आहेत. आकाश उत्तर देत नाही, हे त्याने ऐकले आहे. आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांचा झाला आहे आणि आणखी साधारण ५०० कोटी वर्षांनी त्याचाही शेवट आहे, हे त्याने वाचले आहे. म्हणून अर्जुनाला भित्रा म्हणून हसणारे निरूपण मला पटत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या वतीने भ्याला आहे.

त्या भयात अर्जुन काय करतो? तो क्षमा मागतो, आणि ती क्षमा फार घरगुती आहे. तुला मी अरे-तुरे केले, गडी म्हणून हाक मारली, खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टा केली, तुझा महिमा मला ठाऊक नव्हता, असे तो म्हणतो. इतक्या विराट दर्शनाच्या मध्यभागी अर्जुनाला ताटावरची थट्टा आठवते! गीतेने हे सूत्ररूपाने सांगितले, माउलींनी ते मायेने विस्तारले. विराटापुढे उभे राहिल्यावर माणसाला पहिली शंका येते ती स्वतःच्या जवळिकीची. एवढ्या मोठ्याशी मी सलगी केली, ती चूक तर नव्हती ना? मुलाच्या प्रश्नातही हेच आहे. ज्याची ब्रह्मांडे आहेत, त्याला मी ‘विठूमाउली’ म्हणून हाक मारतो, तो माझा भ्रम तर नाही ना?

मग अर्जुन विनवतो, की आता हे आवर, तुझे ते ओळखीचे रूप दाखव. आणि इथे ती ओलांडली जाणारी जागा येते. गीतेत देव त्याला धीर देतात, भिऊ नको, हे घे माझे पहिले रूप, एवढेच. माउलींचे देव मात्र आधी रागावतात. लटकेच, पण रागावतात. अमृताचा समुद्र अवचित समोर आला आणि बुडेन म्हणून कुणी तो टाकून निघाला काय? सोन्याचा डोंगर सापडला आणि एवढा उचलणार कसा म्हणून कुणी तो नाकारला काय? तसे तू करतो आहेस, असे देव अर्जुनाला म्हणतात.

माळकरी वाचकहो, हा बोल आपल्याला लागतो. सगुणात रमणारे आपण, ‘आपले सगुणच बरे’ म्हणताना अर्जुनाच्याच बाजूला उभे असतो, आणि देव त्या बाजूला हसून दटावतात. धाकट्या रूपावर प्रेम करू नये, असे ते सांगत नाहीत. मोठ्या रूपाला भिऊन धाकट्या रूपाच्या आड लपू नकोस, असे सांगतात. “असल्या नादी लागू नको” म्हणून मुलाच्या प्रश्नाला झटकणारे आपणही त्या सोन्याच्या डोंगराला पाठ दाखवीत असतो. विश्व फार मोठे आहे, ही बातमी भक्ताला अडचणीची वाटावी, यात भक्तीचा काही कमीपणाच आहे.

मग करायचे काय? देव अर्जुनाला तोडगा सांगतात. प्रेमाचे बिऱ्हाड विश्वरूपापाशीच असू दे आणि वरवरच्या मनाने या चतुर्भुज रूपाचा आनंद घे. हे कसे जमावे, ते कळण्यासाठी माउली संसारातले दृष्टांत देतात. चिक्कू माणूस जमिनीत ठेव पुरून ठेवतो. तो बाजारात हिंडतो, बोलतो, पण त्याचा जीव त्या पुरलेल्या ठेवीपाशी असतो. पंखही न फुटलेली पिले घरट्यात ठेवून पक्षीण चाऱ्यासाठी आकाशात उडते, पण जीव पिलांपाशी ठेवून उडते. गाय डोंगरावर चरते, पण तिचे चित्त घरी वासराला बांधलेले असते. तसे तू विश्वरूपाशी राहा.

हे तीन दृष्टांत आपण शंभरदा ऐकलेले असतात. आता एकदा थांबून त्यांतील वस्तूंचे माप पाहा. विश्वरूपाच्या जागी माउलींनी काय ठेवले आहे? पुरलेली ठेव, घरट्यातले पिलू, गोठ्यातले वासरू. तिन्ही वस्तू प्रेम करणाऱ्यापेक्षा लहान! ज्या रूपात ब्रह्मांडे मावतात, जे रूप काळ होऊन कुरुक्षेत्र गिळते, त्याला उपमा कशाची, तर वासराची. आणि जे रूप लहान, ओळखीचे, चार हातांचे, त्याला उपमा चरण्याच्या डोंगराची, उडण्याच्या आकाशाची. कुणी साधा कवी असता, तर त्याने विराटाला डोंगर म्हटले असते आणि जवळच्या रूपाला वासरू. माउलींनी उलटे केले. विराट हे घर झाले, आणि रोजचे जगणे ही चरायला गेलेल्या गाईची दिवसभराची हिंड.

या उलटापालटीत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. मूल विचारते, एवढ्या मोठ्यापुढे मी किती लहान? हा प्रश्न मोजपट्टीचा आहे, आणि मोजपट्टीवर त्याचे उत्तर शास्त्रज्ञ देतात तेच खरे. त्यात एक तसूभर कमी-जास्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण प्रेम मोजपट्टीने चालत नाही. वासरू गाईपेक्षा लहान असते म्हणून गाय त्याच्याकडे ओढली जाते असे नाही, आणि विश्व आपल्यापेक्षा मोठे आहे म्हणून आपण त्याच्यापासून तुटलो असेही नाही. परकेपणा अंतरामुळे येत नाही. घराची आठवण विसरल्याने येतो. आकाशाकडे बघून छाती दडपते, तेव्हा आपण परक्या गावात आलो असे आपल्याला वाटते. माउली म्हणतात, तेच तुझे गाव आहे, तू चरायला बाहेर आला आहेस.

आणि अजून एक दृष्टांत आहे. तो तर बाजारपेठेतला आहे. देवाने विश्वरूप आवरून पुन्हा कृष्णरूप घेतले, ते माउली कसे सांगतात? कृष्णमूर्ती ही कापडाची घडी होती. अर्जुनाच्या हौसेसाठी देवाने ती उलगडून पुढ्यात पसरली. गिऱ्हाइकाने पन्हा पाहिला, रंग पाहिला, पण घेण्याचे लक्षण काही दिसेना. तेव्हा पुन्हा घडी घातली.

कापडाच्या दुकानात बसलेल्याला हे लगेच कळेल. घडी घातली म्हणून कापड कमी होत नाही, आणि उलगडले म्हणून ते वाढत नाही. सूत तेच, वीण तीच. म्हणजे विश्वरूप खरे आणि सगुण ही सवलत, असे माउलींचे म्हणणे नाही. सगुण खरे आणि विश्वरूप हा नुसता देखावा, असेही नाही. लहान आणि विराट या एकाच कापडाच्या दोन अवस्था. या ओव्या वाचून पंढरीला जा, म्हणजे विटेवर काय उभे आहे ते वेगळे दिसेल. ती मूर्ती माणसापेक्षाही ठेंगणी आहे. तिच्या पायांवर डोके ठेवायला आपल्याला वाकावे लागते. विश्वाची घडी घालून कुणी ती विटेवर ठेवावी, तसे ते रूप आहे.

सौम्य रूप दिसताच अर्जुनाच्या तोंडी गीता कोणता शब्द घालते, तेही पाहावे. तो म्हणतो, हे तुझे मानुष रूप पाहून मी भानावर आलो. विश्व पाहून आलेला माणूस भानावर येतो तो माणसाच्या रूपापुढे. विश्वात माणसाची जागा कोणती, असे विचारणाऱ्याने हा शब्द गाठीला बांधावा. घडी घालताना देवाने आकार निवडला तो आपला.

यावरून माणसाने फुगून जायचे काय? “चौऱ्याऐंशी लक्ष योनींत श्रेष्ठ” म्हणून छाती काढणारे निरूपणही मी ऐकले आहे. त्यांना पुंडलिकाची आठवण द्यावी. दारात परब्रह्म येऊन उभे राहिले, तेव्हा पुंडलिक आईबापांच्या पायाशी होता. त्याने वीट मागे सरकवली आणि सेवा चालू ठेवली. विराटाने आपल्यासाठी थांबावे एवढे आपले महत्त्व आहे, याचा विचार करायलाही त्याला सवड नव्हती. त्याचे महत्त्व त्या सवड नसण्यात आहे. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, तोही ती दळीत होती म्हणून.

तुकोबांचा अणूपासून आकाशापर्यंत जाणारा अभंग आपल्या सर्वांच्या कानांत आहे. गाताना आपण आकाशाच्या ओळीवर आवाज चढवितो, आणि ऐकणाऱ्याला ती थोरवीची घोषणा वाटते. पण अभंग तिथे संपत नाही. मी-माझेपणाचा सगळा पसारा गिळून, टाकून तुकोबा शेवटी येऊन थांबतात कुठे? आता जे काही उरलो, ते दुसऱ्याच्या उपयोगापुरते, येथे. अणू झाले, आकाश झाले, आणि शिल्लक काय राहिले, तर शेजाऱ्याच्या कामी येण्याएवढा माणूस. अकरावा अध्यायही असाच उतरतो. त्याचा शेवटचा श्लोक भक्ताची खूण सांगतो, ती कोणत्याही भूताशी वैर नसण्याची. विश्वरूप पाहून आलेल्याची परीक्षा गल्लीत होते. बांधावरून भावाशी दावा चालू आहे आणि मुखी विश्वरूपाचे वर्णन आहे, तर त्याने काहीच पाहिले नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी पसायदान मागितले तेही विश्वात्मक देवाकडे, आणि मागितली ती जीवांची एकमेकांशी मैत्री. सेगन त्या ठिपक्याकडे पाहून दयेशी पोहोचले, आपले संत विश्वरूपातून निर्वैरतेशी पोहोचले. वाटा वेगळ्या, पण गाव ओळखीचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दुर्बिणीतून वात्सल्य दिसत नाही. खोडदच्या तबकड्या हायड्रोजनचा संदेश टिपतील, पण त्यात माउलीची हाक ऐकू येणार नाही, आणि ती ऐकू यावी असा हट्ट विज्ञानाकडे धरू नये. आपल्या हाडांतला कॅल्शियम आणि रक्तातले लोह सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांत घडले, हे शास्त्रज्ञ सांगतात तेव्हा मला ती कापडाची घडी आठवते. पण ती आठवण माझी आहे, तो पुरावा नाही. मी त्याच कापडाचा धागा आहे, इथवर विज्ञान नेते. ते कापड कुणाचे आणि ते माझे घर आहे काय, हे अनन्य भक्तीने कळते, असे त्याच अध्यायात देवांनी सांगून ठेवले आहे. वेदाध्ययनाने नाही, दानाने नाही, तपाने नाही. मग गणिताने तरी कसे कळावे? मुलाला हे असेच सांगावे. विज्ञानाने देव सिद्ध होतो असेही सांगू नये, आणि विज्ञानाने देव गेला असेही त्याला वाटू देऊ नये.

तेव्हा पुढच्या पारायणात अकरावा अध्याय येईल, तेव्हा विनंती एवढीच. भयाच्या ओव्यांवर रेंगाळतो त्याहून थोडे अधिक या परतीच्या ओव्यांवर रेंगाळावे. चिक्कूची ठेव, पक्षिणीचे पिलू, गाईचे वासरू आणि दुकानातली घडी या चार जागी बोट ठेवून थांबावे. जमल्यास शेजारी त्या मुलाला बसवावे. त्याने पुस्तकात वाचलेले आकडे त्याच्याकडून ऐकावेत आणि ते खरे आहेत असे मान डोलावून सांगावे. मग त्याला गाईचा दृष्टांत सांगावा. गावातल्या मुलाला तो समजावून द्यावा लागत नाही. दिवस कलता गाय कशी चालते, ते त्याने पाहिलेले असते. डोंगर केवढा आहे, हे ती मोजत बसत नाही. तिला घर ठाऊक असते.

रामकृष्णहरी.